कमी कर्बोदकांचा आहार: फायदे-तोटे तोलून तो कसा सुरू करावा

कर्बोदके कमी करायची असे ठरवणारा माणूस बहुधा आधी वगळायच्या पदार्थांची यादी करायला बसतो. साखर, ब्रेड, भात, बटाटे अशी ती यादी चटकन तयार होते, आणि पुढच्या अडचणींची सुरुवातही तिथूनच होते. ताटातून जे गेले त्याच्या जागी काय आले, यावर या आहाराचे बहुतेक फायदे आणि बहुतेक तोटे ठरतात. भाताच्या जागी भाज्या, मासे आणि सुकामेवा घेणारा एक माणूस आणि भाताच्या जागी लोणी व प्रक्रिया केलेले मांस घेणारा दुसरा, हे दोघेही स्वतःला 'लो-कार्ब'वर असल्याचे सांगतात. पण सहा महिन्यांनी त्यांच्या रक्ततपासणीचे अहवाल सारखे असतीलच असे नाही. म्हणून या लेखात वगळण्याइतकाच भर भरपाईवर दिला आहे.

कमी म्हणजे नेमके किती

दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीच्या आहारातील निम्मी ऊर्जा कर्बोदकांतून येत असेल, तर ती साधारण २५० ग्रॅम कर्बोदके खात असते, कारण एका ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात. (प्रथिनांचेही प्रमाण ४ आहे, स्निग्ध पदार्थांचे ९.) सर्वसाधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहाराला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात, आणि २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली उतरलेल्या आहाराला कीटोजेनिक किंवा नुसते 'कीटो' म्हणतात. या दोन पातळ्यांमध्ये इतके अंतर आहे की त्यांचे फायदे-तोटे एकाच दमात सांगणे चुकीचे ठरते. १२० ग्रॅमवर माणूस डाळी, फळे, दही आणि थोडे धान्य खाऊ शकतो; ३० ग्रॅमवर यातले जवळजवळ सगळे सोडावे लागते. कोणाचाही सल्ला ऐकताना तो कोणत्या पातळीविषयी बोलतो आहे, हे आधी विचारून घ्यावे.

या आकड्यांचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा यासाठी दोन आठवडे तरी वापरावाच. शिजलेला भात काट्यावर ठेवून पाहा: १५० ग्रॅम म्हणजे एक बेताची वाटी, आणि तिच्यात सुमारे ४२ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे ४० ग्रॅमची मर्यादा घालून घेतलेल्या माणसाचा दिवस त्या एका वाटीतच संपतो. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे २७ ग्रॅम, ब्रेडच्या एका कापात १२ ते १५, उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात २०, २५० मिलिलिटर दुधात १२ आणि गोड शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. उलट अंड्यात ती एक ग्रॅमपेक्षाही कमी, १०० ग्रॅम पालकात चारच्या आत आणि तेवढ्याच फ्लॉवरमध्ये सुमारे पाच. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असली, तरी त्यांतले ८ ग्रॅम तंतुमय असतात, म्हणजे ती रक्तातली साखर वाढवत नाहीत. इथे एक नेहमीची चूक टाळावी. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ८० ग्रॅम कर्बोदके असतात आणि तेवढ्याच शिजलेल्या भातात २८, कारण शिजताना त्यात पाणी शिरते. कच्चे वजन आणि शिजलेले वजन यांची गल्लत झाली की सगळा हिशेब तिपटीने चुकतो.

पाकिटबंद पदार्थांच्या वेष्टनावरचा तक्ता वाचताना तो १०० ग्रॅमसाठी दिला आहे की 'एका वाढणी'साठी, हे आधी पाहावे. ही वाढणी आपण प्रत्यक्ष खातो त्यापेक्षा पुष्कळदा लहान असते. शिवाय अमेरिकेतल्या वेष्टनांवर एकूण कर्बोदकांच्या आकड्यात तंतुमय भाग धरलेला असतो, तर युरोपातल्या वेष्टनांवर तो वेगळा दाखवतात. त्यामुळे 'एकूण उणे तंतू' हे गणित युरोपातल्या वेष्टनावर केले तर तंतू दोनदा वजा होतात. 'साखर घातलेली नाही' असे लिहिलेले असले तरी घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पूड) किंवा एखादे पीठ दिसले, तर कर्बोदके आहेतच असे समजावे.

पहिल्या आठवड्यात शरीरात काय घडते

हे समजून घेतले नाही तर पहिल्या आठवड्यातला आनंद आणि पहिल्या आठवड्यातला त्रास, दोन्ही माणसाची दिशाभूल करतात.

आपले यकृत सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायू सुमारे ४०० ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतात. या साठ्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. कर्बोदके एकदम कमी केली की शरीर हा साठा वापरायला लागते, आणि साठ्याबरोबर त्याचे पाणीही जाते. म्हणून पाच-सहा दिवसांत वजन दीड-दोन किलोंनी उतरलेले दिसते. त्यात चरबीचा वाटा थोडाच असतो. हे माहीत नसलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात वजन अडले म्हणून निराश होतो. वास्तविक चरबी खरोखर घटण्याची वेळ तेव्हा आलेली असते.

कर्बोदके कमी झाली की इन्सुलिनची पातळी उतरते आणि मूत्रपिंडे एरवीपेक्षा जास्त सोडियम बाहेर टाकू लागतात. डोके दुखणे, थकवा, उठून उभे राहताना भोवळ, पायात गोळे येणे अशा ज्या तक्रारी पहिल्या काही दिवसांत होतात, त्यांचे हे एक मोठे कारण आहे. पुरेसे पाणी आणि जेवणात किंचित जास्त मीठ, उदाहरणार्थ दिवसातून एकदा वाटीभर खारट सूप, एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नये.

मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. ते अन्नातून आले नाही तर यकृत प्रथिनांमधल्या अमिनो आम्लांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून ग्लुकोज तयार करते. कर्बोदके ५० ग्रॅमच्या खाली राहिली तर चरबीपासून कीटोन तयार होऊन मेंदू त्यांच्यावरही चालू लागतो. श्वासाला येणारा ॲसिटोनचा वास हे त्याचेच लक्षण आहे. निरोगी माणसात ही कीटोनची पातळी मर्यादेत राहते. इन्सुलिनच्या अभावी होणारा कीटोॲसिडोसिस हा वेगळा, जिवावर बेतणारा प्रकार आहे. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

हाती काय लागते

वजनापासून सुरुवात करू, कारण बहुतेक जण त्यासाठीच या वाटेला येतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६३ स्थूल व्यक्तींपैकी कमी कर्बोदकांच्या गटाचे वजन सहा महिन्यांनी कमी स्निग्ध पदार्थांच्या गटापेक्षा अधिक घटलेले होते, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतला फरक लक्षणीय उरला नव्हता. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६०९ प्रौढांना वर्षभर पाहिले: कमी स्निग्ध पदार्थांच्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि कमी कर्बोदकांच्या गटाचे ६ किलोंनी उतरले, आणि हा फरकही संख्याशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा नव्हता. त्या चाचणीत दोन्ही गटांना साखर आणि मैद्याचे पदार्थ टाळून भाज्या भरपूर खायला सांगितले होते, ही गोष्ट मला आकड्यांपेक्षाही बोलकी वाटते. सरासरीच्या आत व्यक्तीव्यक्तीमधला फरक प्रचंड होता. कोणी पुष्कळ वजन गमावले, तर काहींचे वाढले. म्हणून 'यानेच वजन उतरते' असे म्हणायला आधार नाही. 'यानेही उतरते' असे म्हणायला भक्कम आधार आहे. प्रथिने वाढल्यामुळे पोट लवकर भरल्यासारखे वाटणे आणि अधेमधे खाण्याची ओढ कमी होणे, हा ज्यांच्या अनुभवाला येतो त्यांना ही पद्धत सोपी जाते.

टाइप २ मधुमेहात चित्र अधिक आशादायक आहे. जेवणानंतरची रक्तशर्करा मुख्यतः कर्बोदकांनी चढते, त्यामुळे कर्बोदके कमी केल्याचा परिणाम ग्लुकोमीटरवर काही दिवसांतच दिसतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१९ सालच्या आपल्या अहवालात, रक्तशर्करा सुधारण्यासाठी एकूण कर्बोदके कमी करण्याच्या उपायामागे सर्वांत जास्त पुरावा असल्याचे नमूद केले आहे. २०२१ साली २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांपर्यंत मधुमेह आटोक्यात येण्याचे प्रमाण या आहारावर स्पष्टपणे जास्त आढळले, मात्र बारा महिन्यांनंतर तो लाभ ओसरत गेलेला दिसला. याखेरीज रक्तातले ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) कमी होणे आणि एचडीएल, म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल, थोडे वाढणे हे बदल अनेक चाचण्यांत दिसतात.

अपस्मारावरचा (फिट येण्याच्या विकारावरचा) कीटोजेनिक आहार हा वेगळाच विषय आहे. १९२१ साली मेयो क्लिनिकमधल्या रसेल वाइल्डर यांनी तो सुचवला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांच्या झटक्यांसाठी तो आजही वापरतात. पण तो वैद्यकीय देखरेखीखाली ग्रॅम-ग्रॅम मोजून दिला जाणारा उपचार आहे. घरच्या घरी करून पाहण्याची गोष्ट नाही.

काय गमवावे लागू शकते

पहिली झळ पोटाला लागते. धान्ये, डाळी आणि फळे एकदम गेली की तंतुमय पदार्थही जातात, आणि बद्धकोष्ठता ही या आहारावरची सर्वांत सामान्य तक्रार होऊन बसते. प्रौढ माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू हवेत. कर्बोदके १०० ग्रॅमच्या वर ठेवली तर एवढे तंतू सहज मिळतात. ३० ग्रॅमवर त्यासाठी पालेभाज्या, जवस, चिया आणि बदाम यांची जाणीवपूर्वक जुळवाजुळव करावी लागते.

दुसरी गोष्ट एलडीएलची, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलची. काही जणांमध्ये ते या आहारावर वाढते, आणि थोड्यांमध्ये तर खूपच वाढते. लोणी, साय, चीज, खोबरेल तेल आणि चरबीयुक्त मांस यांतून संपृक्त स्निग्ध पदार्थ भरपूर आले की हा धोका वाढतो. 'एचडीएल वाढले आहे आणि ट्रायग्लिसराइड उतरले आहे, मग एलडीएलकडे कशाला पाहायचे' असा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि तो मला धोकादायक वाटतो. एलडीएल हे हृदयविकाराचे स्वतंत्र कारण आहे. एक आकडा सुधारला म्हणून दुसऱ्याची जबाबदारी संपत नाही.

दीर्घकाळाविषयी जी माहिती आहे ती प्रामुख्याने निरीक्षणांवर आधारलेली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या १५,४२८ प्रौढांचा पाठपुरावा केला होता. त्यात ५० ते ५५ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते आणि दोन्ही टोकांकडे ते वाढत गेले. कर्बोदकांची जागा प्राणिज पदार्थांनी घेतली तेव्हा धोका जास्त दिसला. वनस्पतीजन्य प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांनी घेतली तेव्हा कमी. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य करूनही भरपाई कशाने करायची याचा संकेत तो नक्कीच देतो.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. वेगवान धावणे, चढावर सायकल चालवणे यांसारख्या जोराच्या व्यायामाला ग्लायकोजेन लागते, त्यामुळे कडक मर्यादेवर अशा व्यायामात दम कमी पडतो. आणि कीटोजेनिक आहार दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये मूतखडे होण्याची शक्यता वाढते.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी सुरू करू नये

हा भाग घाईत वाचू नये. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्याने औषधाची मात्रा तीच ठेवून कर्बोदके घटवली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातली मधुमेहाची औषधे चालू असताना कर्बोदके फार कमी केली, तर रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. मीटरवरचा आकडा ठीक दिसतो, म्हणून रुग्ण आणि घरचे बेसावध राहतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि दीर्घ, जोराचा श्वास ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. टाइप १ मधुमेह, गरोदरपण, स्तनपान, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा विकार, रक्तदाबाची औषधे, आणि कधीकाळी झालेला खाण्याच्या वर्तनाचा विकार या सर्वांना हेच लागू आहे. या शेवटच्या गटाला तर मोजमाप आणि वर्ज्य पदार्थांची यादीच घातक ठरू शकते. वाढत्या वयाच्या मुलांवर हा प्रयोग करू नये.

सुरुवात कशी करावी

आधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइडची तपासणी), एचबीए१सी (रक्तशर्करेची सरासरी), क्रिॲटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा) आणि रक्तदाब तपासून घ्यावा. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

मग तीन दिवस काहीही न बदलता खाल्लेले सगळे लिहून ठेवावे. त्यांतला एक दिवस सुट्टीचा असावा. मी पहिल्यांदा अशी नोंद केली तेव्हा फळांच्या स्वादाच्या दह्याने मला चकित केले: १५० ग्रॅमच्या त्या डबीत २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके होती, आणि मी ती 'हलके खाणे' म्हणून भातानंतर खात होतो. प्रत्येकाच्या वहीत अशी एखादी डबी सापडते.

पहिल्या आठवड्यात फक्त पेये बदलावीत. शीतपेये, फळांचे रस, गोड चहा-कॉफी यांतली साखर गेली की कित्येकांचे ५०-६० ग्रॅम कमी होतात आणि त्यासाठी एकही जेवण बदलावे लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात बिस्किटे, केक आणि मैद्याचे पदार्थ काढावेत. तिसऱ्या आठवड्यात एका जेवणातले धान्य निम्म्यावर आणावे आणि त्याची जागा त्याच दिवसापासून भाजी व प्रथिनांनी भरावी. इतके केल्यावर बहुतेक जण १२०-१३० ग्रॅमच्या आसपास येतात, आणि माझ्या मते बहुतेकांनी तिथेच थांबावे.

अशा एका दिवसाचा हिशेब मांडून दाखवतो. सकाळी दोन अंडी, १५० ग्रॅम भाज्या आणि संपूर्ण धान्याच्या ब्रेडचा एक काप: सुमारे २२ ग्रॅम. दुपारी शिजलेली १५० ग्रॅम मसूर, २०० ग्रॅम भाज्या आणि ७५ ग्रॅम शिजलेला भात: सुमारे ६२. संध्याकाळी १०० ग्रॅम स्ट्रॉबेरी आणि मूठभर बदाम: १४. रात्री १५० ग्रॅम मासे किंवा टोफू, २५० ग्रॅम भाज्या आणि ऑलिव्ह किंवा शेंगदाण्याचे तेल: १५. एकूण ११०-११५ ग्रॅम कर्बोदके, ३० ग्रॅमहून अधिक तंतू आणि मासे घेतले तर ७५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने. आता हाच दिवस ३० ग्रॅमवर आणायचा म्हटले तर ब्रेड, मसूर आणि भात पूर्णपणे जातात, फळाची मूठ आणि भाज्यांचा काही भागही कमी करावा लागतो, तंतू निम्म्याच्या आसपास येतात आणि उरलेली ऊर्जा जवळजवळ सगळी स्निग्ध पदार्थांतून भरून काढावी लागते. कडक मर्यादा हवी असण्याला ठोस वैद्यकीय कारण असेल तरच हा व्यवहार करण्यासारखा आहे.

प्रथिने कमी पडू देऊ नयेत. वजन उतरवताना शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा ताकदीचा व्यायाम असला, तर स्नायू टिकून राहण्यास मदत होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उठल्यावर करावे. रोजच्या चढउतारात पाण्याचाच वाटा मोठा असतो. तीन महिन्यांनी सर्व तपासण्या पुन्हा कराव्यात, कारण एचबीए१सीचा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. एलडीएल वाढलेले आढळले तर आधी लोणी, साय आणि खोबरेल तेल काढून तिथे सुकामेवा, तेलबिया आणि द्रव तेले आणावीत, थोडे धान्य व डाळी वाढवाव्यात आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावे. तरीही आकडा उतरला नाही तर डॉक्टरांशी बोलून हा आहार थांबवावा.

थांबवायचा झाल्यास तोही पायरीपायरीने थांबवावा. रोजच्या कर्बोदकांत दर आठवड्याला १५-२० ग्रॅमची वाढ करावी, आणि ती आधी डाळी-कडधान्ये, मग फळे, मग संपूर्ण धान्य या क्रमाने करावी. या काळात काट्यावर एक-दोन किलो अचानक वाढलेले दिसतील. ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरताना त्याच्याबरोबर परत आलेले ते पाणी आहे. ते पाहून पुन्हा कडक बंधनाकडे वळू नये आणि पुढचा आकडा तीन आठवड्यांनीच वहीत लिहावा.